पाचशे पौंडांची बिडाची शेगडी आणि ती बसवून देणारं दुकान

आधी निकाल सांगतो. घर तापवायच्या या लाकडाच्या शेगडीला पाचपैकी साडेचार. ती उचलून घरात आणणाऱ्या दोन पोरांना पाच. काउंटरवर बसून कोटेशन देणाऱ्या माणसाला दोन, तेही कॉफी बरी पाजतो म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या गावापासून तासाभरापेक्षा लांब ते बसवायला येतच नाहीत. शेगडीचं मॉडेलही लिहीत नाही. या वजनाची कुठलीही शेगडी घेतलीत तरी प्रश्न हेच येणार, आणि मला सांगायचंय ते एवढंच की या सगळ्या व्यवहारात शेगडी निवडणं हे सगळ्यात सोपं काम आहे. पैसा, डोकं आणि भांडण जातं ते धुराड्यात.

मी कोल्हापूरचा. नोकरीची पहिली वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत काढली, ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची, कास्टिंग्ज, पंपांच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे भाग. आता बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या उत्तरेला एका छोट्या गावात राहतो. घर १९७०च्या दशकातलं, तेलाच्या बॉयलरवर तापणारं, तळघरात २७५ गॅलनची टाकी. २०२२ मध्ये इथे हीटिंग ऑइल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हा तेलाचा ट्रक दारात वळताना दिसला की पोटात गोळा यायचा. पण खरं कारण पैसा नव्हे, वीज. बॉयलर तेल जाळतो खरा, पण त्याचा बर्नर आणि पाणी फिरवणारा पंप चालतो विजेवर. वीज गेली की टाकी भरलेली असूनही घर गार. डिसेंबर २००८ मधल्या आइस स्टॉर्मच्या गोष्टी आमच्या रस्त्यावर अजून निघतात. पडता पाऊस झाडांवर आणि तारांवर गोठत गेला, फांद्या मोडल्या, खांब आडवे झाले, आणि वूस्टर काउंटीतल्या काही घरांत दोन-दोन आठवडे वीज आली नाही. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. शेजारचे म्हातारबाबा होते, आणि त्यांच्याकडे शेगडी होती. त्या दिवसांत त्यांच्या हॉलमध्ये किती जण झोपायला होते याचा आकडा ते दर वर्षी थोडा वाढवून सांगतात.

आमच्याकडे विटांची फायरप्लेस होतीच. पण उघडी फायरप्लेस हा देखावा असतो. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. जाळ खोलीतलीच तापलेली हवा ओढून धुराड्यातून बाहेर घालवतो आणि तेवढीच गार हवा खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणून ठरलं असं, की त्या फायरप्लेसपुढच्या दगडी ओट्यावर बंद दाराची शेगडी ठेवायची आणि तिचा धूर जुन्या धुराड्यात नवी पोलादी नळी सोडून तिच्यातून वर न्यायचा.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येच्या या राज्यांत, या विषयावर मतं असलेला माणूस कुठेही भेटतो, दाढी करायला गेलात तरी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इथे लाकडाच्या शेगड्यांची लाटच आली होती. व्हर्मॉंट कास्टिंग्ज ही कंपनी १९७५ मध्ये व्हर्मॉंटमधल्या रँडॉल्फ गावात त्याच लाटेवर निघाली. नॉर्वेची योतुल १८५३ पासूनची, आणि तिचा अमेरिकेतला कारभार शेजारच्या मेन राज्यातून चालतो. न्यू हॅम्पशरमध्ये वूडस्टॉक सोपस्टोन आहे, ते शंखजिऱ्याच्या दगडाच्या शेगड्या करतात. माझी शेगडी यांतल्या एकाची आहे की चौथ्याच कुणाची, ते राहू दे. प्रकार मात्र तीनच. पोलादी पत्र्याची वेल्ड केलेली शेगडी लवकर तापते आणि लवकर निवते. दगडाची उशिरा तापते, पण एकदा तापली की पहाटेपर्यंत ऊब सोडत राहते. बिडाची या दोघींच्या मधली. पोलादी शेगडीला सांधे वेल्डचे, त्यामुळे गळतीची काळजी कमी. बिडाची शेगडी म्हणजे ओतलेल्या प्लेट्स फर्नेस सिमेंट आणि बोल्टनी जोडलेल्या, म्हणजे वर्षांनी सांधे पुन्हा भरावे लागणार. हे माहीत असूनही मी बीडच घेतलं. ज्याचं तारुण्य कपोल्यापुढे, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीपुढे, गेलं त्याला पत्र्याची शेगडी कोण विकणार?

शोरूममध्ये बाकीची गिऱ्हाईकं काचेतला जाळ बघत होती. मी गुडघे टेकून शेगडीची पाठ बघत होतो. दर्शनी बाजू सगळेच घासूनपुसून देतात. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ, नीट घासली आहे का, साच्याचे दोन भाग एकमेकांवर सरकले होते का, कोपऱ्यात वाळू भाजून चिकटली आहे का, ओतताना वायूने पडलेलं भोक (ब्लो होल) पुटीने बुजवलंय का, हे पाठीमागे कळतं. तरीही खात्रीसाठी शिरोलीच्या आमच्या जुन्या मोल्डिंग मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे जेवणं उरकली होती. त्यांनी चष्मा चढवला.

“साहेब, दाराच्या बिजागरीजवळ न्या की फोन जरा. हां. भिंत किती जाड हाय?”

“पाव इंच धरा, मिस्त्री.”

“म्हंजे सा मिलिमीटर. आन् एवढी मोठी प्लेट वाकली न्हाई? वाळू चांगली दिसतीया त्यांची. आत जाळ लागणार तितं काय बसवलंय?”

“विटा आहेत. मागच्या अंगाला आणखी एक बिडाची प्लेट आहे, सुटी, बदलता येते.”

“मग घ्या. जळायची ती वायली आन् दिसायची ती वायली, ह्ये ब्येस काम.”

सेल्समन शेजारी उभा राहून हसत होता. त्याला काय कळलं देव जाणे. पण मिस्त्रींचा तो शेवटचा मुद्दा कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल. जाळ थेट लागतो ते बीड वर्षानुवर्षं तापून-निवून फुगतं, वाकतं, त्याला भेगा जातात. ते भाग सुटे असले आणि त्यांचे स्पेअर मिळत असले तर शेगडी नातवंडांपर्यंत टिकते. बाहेरची प्लेटच जळकी भिंत असेल तर एक भेग पडली की अख्खी शेगडी भंगारात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो आतल्या प्लेट्स आणि विटांच्या पार्ट नंबरचा.

धुराबद्दल. अमेरिकेत लाकडाच्या नव्या शेगड्यांना ईपीएचे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याचे, नियम १९८८ पासून आहेत. मे २०२० पासून तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त धूळकण सोडणारी नवी शेगडी विकता येत नाही. खऱ्या ओंडक्यांवर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅम. आमच्या शेगडीत हे साधतं ते छताला बसवलेल्या भोकाच्या नळ्यांनी. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात, आणि साध्या चुलीत आपण ज्याला धूर म्हणतो तो बराचसा हाच न जळालेला वायू असतो. नळ्यांतून तापलेली हवा वरून सोडली की सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तो वायूही पेट घेतो. लाकडाच्या वर, हवेतच, निळसर-पिवळ्या ज्वाळा तरंगताना दिसतात. ते दिसलं की बाहेर जाऊन धुराडं बघा, धूर जवळजवळ नसतोच. फक्त तापलेल्या हवेचा थर झळाळणारा. ज्यांना कॅटॅलिस्टवाली (कमी आचेवरही धूर जाळणारा भाग बसवलेली) शेगडी घ्यायची असेल त्यांनी घ्यावी, ती मंद आचेवर जास्त वेळ चालते, पण कॅटॅलिस्ट काही वर्षांनी बदलावा लागतो. मला तो खर्च नको होता.

आता दुकान.

कोटेशन आलं ते एका पानाचं. शेगडी, लाइनर (म्हणजे धुराड्यात सोडायची ती नळी) आणि ‘स्टँडर्ड इन्स्टॉलेशन’. स्टँडर्ड म्हणजे काय, असं विचारल्यावर काउंटरवरच्या माणसाने “यू नो, स्टँडर्ड” असं उत्तर दिलं. फाउंड्रीत एखाद्या सप्लायरने असं उत्तर दिलं असतं तर चहा न पाजता परत पाठवला असता. मी घरी येऊन शेगडीचं मॅन्युअल डाउनलोड करून वाचलं, आणि दुकानाशी संबंध नसलेला एक धुराडं साफ करणारा बोलावला. त्याने वरून कॅमेरा सोडला. आमचं धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे, तीन बाजूंनी उघड्या हवेत. आत भाजलेल्या मातीच्या लाल टाइल्सचा चौकोनी नळ. वरच्या दोन टाइल्सना उभ्या भेगा. तो म्हणाला, “लाइनर टाकणारच आहात, तर इन्सुलेशन गुंडाळूनच टाका. यावर चर्चा नको.”

कारण साधं आहे. शेगडी जितकी चांगली, तितकी ती उष्णता घरात ठेवते आणि तितका धूर कमी तापमानाने वर जातो. बाहेरच्या गार धुराड्यात तो आणखी निवला की त्यातली डांबरासारखी राळ, क्रिओसोट, नळीच्या आतल्या बाजूला जमते. तीच पुढे पेटली की धुराड्याला आग. शिवाय विटांच्या धुराड्याच्या आसपास घराचं लाकूड ठरावीक अंतरावर असावं लागतं, आतल्या धुराड्याला दोन इंच आणि बाहेरच्याला एक. पन्नास वर्षांपूर्वी बांधणाऱ्याने ते अंतर ठेवलं होतं की नाही हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. स्टेनलेसच्या लाइनरला अर्ध्या इंचाचं सिरॅमिकचं ब्लँकेट गुंडाळून वर जाळी चढवली की तो प्रश्न मिटतो.

दुकानाच्या कोटेशनमध्ये ब्लँकेट नव्हतं. मी विचारलं तर “गरज नाही, आम्ही कित्येक बसवलेत.” मी यादी काढली. सहा इंची लाइनर, म्हणजे शेगडीच्या तोंडाएवढाच, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा, पूर्ण उंचीला इन्सुलेशनसह. जुना डॅम्पर (फायरप्लेसवरची धुराड्याची झडप) कापून लाइनर सरळ खाली आणायचा, चेपून नाही. वर टोपी आणि सीलिंग प्लेट. खाली डॅम्परच्या तोंडाशी पत्र्याची ब्लॉक-ऑफ प्लेट. मुनिसिपल परमिट दुकानाने काढायचं. सगळं लेखी मागितलं. सुधारित कोटेशन यायला इतका वेळ लागला की मला वाटलं मला वगळलं. आलं तेव्हा सातशे डॉलर वाढले होते आणि ब्लॉक-ऑफ प्लेटच्या जागी लिहिलं होतं, ‘आम्ही करत नाही’.

वेळेची घाई मला का होती तेही सांगतो. किमान ७५ टक्के कार्यक्षमतेच्या लाकडाच्या शेगडीवर केंद्र सरकारची कर-सवलत होती, खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर. ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवून चालू केलेल्या शेगड्यांनाच होती. नुसते पैसे भरून भागणार नव्हतं. काउंटरवरचा माणूस ऑक्टोबरमध्ये मला “जानेवारीत निवांत करू” म्हणत होता. त्याला हा नियम माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. शेवटी मालकीणबाईंना गाठलं. बाई करारी, त्यांनी वही उघडली आणि नोव्हेंबरातली तारीख दिली. काउंटरला दिलेल्या दोन गुणांतला एक खरं तर त्यांचा धरा.

आणि मग आली ती दोन पोरं. एक उंच, एक रुंद. दोघांच्या वयाची बेरीज माझ्या वयापेक्षा कमी असावी.

शेगडी लाकडी क्रेटसकट पाचशे पौंडांच्या वर, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या पुढे. आमच्या दारापुढे तीन पायऱ्या, मग अरुंद पॅसेज, मग काटकोनात वळण, मग हॉल. मी मनात चेन पुली, पहारी आणि पाइपचे रोलर यांचा हिशेब करून ठेवला होता. पोरांनी क्रेट व्हॅनमध्येच उघडली. आधी दार बिजागरीतून काढलं. मग राखेचा ट्रे. मग आतल्या विटा एकेक काढून कार्डबोर्डवर जशा होत्या तशाच क्रमाने मांडल्या, प्रत्येकीवर खडूने खूण. मग बॅफल प्लेट, म्हणजे जाळावरचं आतलं छत. हे सगळं काढल्यावर शंभरेक पौंड कमी झाले. उरलेलं धूड त्यांनी पायऱ्या चढणाऱ्या मोटरच्या ट्रॉलीला पट्ट्यांनी बांधलं. ट्रॉली एकेक पायरी चढत होती आणि रुंद पोरगा खालून नुसता हात लावून होता, धक्का देत नव्हता. घरातल्या लाकडी फरशीवर आधीच प्लायवुड अंथरलेलं.

मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे झाली. शेगडी ओट्याजवळ आल्यावर फार तर दोन इंच डावीकडे सरकवायची होती. मी म्हटलं, सरकवू या तिघे मिळून. उंच पोरगा म्हणाला, “नाही सर, पायांवर ओढायची नाही.” त्याने तळाखाली लाकडी ठोकळे घातले, जॅकने वजन उचललं, खाली पातळ प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या ठेवल्या आणि मग हलवली. बरोबर आहे. बीड दाबाखाली वाटेल तेवढं वजन पेलतं, पण ओढ आणि वाक त्याला सोसत नाही. शेगडी घासत ओढली की पायाच्या बोल्टाजवळ ताण येतो आणि पाय कटकन मोडतो. हे त्या पोराला धातुशास्त्राच्या वर्गात नसेल शिकवलं, कुणीतरी हाताखाली घेऊन शिकवलं असेल. शिरोलीत असता तर मिस्त्रींनी त्याला पळवला असता.

जमिनीच्या ताकदीची चिंता आम्हाला नव्हती, ओट्याखाली विटांचा पाया आहे. ज्यांना वरच्या मजल्यावर किंवा नुसत्या लाकडी तुळयांवर ठेवायची आहे त्यांनी इंजिनिअरला विचारावं. ओट्याची रुंदी मात्र मोजावी लागली. दारासमोर १६ ते १८ इंच न जळणारा पृष्ठभाग हवा, काही शेगड्यांना तर नुसता दगड पुरत नाही, खाली उष्णतारोधक थरही लागतो. आमचा ओटा पुढे थोडा कमी पडत होता, तिथे स्लेटची पट्टी वाढवली. हेही दुकानाने आधी मोजलं नव्हतं, मोजलं ते पोरांनी.

लाइनरचं काम छपरावर. पंचवीस फूट स्टेनलेसची लवचीक नळी ब्लँकेट गुंडाळून जाडजूड झालेली, ती वरून सोडायची आणि खालून दोरीने ओढायची. डॅम्परची बिडाची चौकट ग्राइंडरने कापताना घरभर काजळी उडाली असती, पण त्यांनी फायरप्लेसचं तोंड प्लॅस्टिकने बंद करून आत व्हॅक्यूम लावला होता. बायको दिवसभर हातात फडका घेऊन तयार होती. वापरावा लागला नाही, याचं तिला थोडं वाईटच वाटलं असावं. धुराड्याची उंची नियमाप्रमाणे निघाली. छपरातून बाहेर आल्यावर किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याच्या दोन फूट वर.

ब्लॉक-ऑफ प्लेट मी स्वतः केली. पुठ्ठ्याचा साचा काढला, ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापला, कडा वाकवल्या, वर रॉकवूल भरलं. ही प्लेट नसेल तर शेगडीच्या पाठीमागची ऊब धुराड्याच्या पोकळीत चढून विटा तापवत बसते. दुकानं ही का करत नाहीत? वेळ जातो आणि बिलात दिसत नाही, एवढंच मला कळलं.

बिल्डिंग इन्स्पेक्टर आला तो टेप घेऊन. मॅन्युअल मागितलं, शेगडीच्या पाठीवरची धातूची पट्टी वाचली, भिंत आणि मँटलपासूनची (फायरप्लेसवरच्या लाकडी फळीपासूनची) अंतरं मोजली, स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दाबून पाहिले. सीओ अलार्म मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ पासून सक्तीचाच आहे. सही केली आणि गेला. त्या सहीची प्रत घराच्या विमा कंपनीला पाठवा. परमिट न काढता बसवलेली शेगडी आणि पुढे लागलेली आग, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर विमावाले काय म्हणतील ते कोल्हापुरात बसूनही सांगता येईल.

पहिले जाळ छोटेच करायचे असतात, पुन्हा पुन्हा, मधे पूर्ण निवू देऊन. सिमेंटमधली ओल जाते, रंग भाजला जातो. पहिल्यांदा तापताना रंगाचा असा वास सुटतो की खिडक्या उघडाव्याच लागतात, बाहेर बर्फ असला तरी. वर चुंबकी थर्मामीटर ठेवलाय. चारशे ते सहाशे फॅरनहाइट म्हणजे काम नीट चाललंय. दोनशेवर धुमसत ठेवलीत तर काच काळी आणि नळीत राळ. दाराचं गॅस्केट (कडेची हवाबंद दोरी) तपासायला मिस्त्रींची युक्ती इथेही चालते: दारात नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटली तर तिथे हवा शिरतेय. मिस्त्री दहाची नोट वापरायचे, मी एक डॉलरची वापरतो, धर्म तोच.

शेगडीचा अर्धा गुण मी कापला तो राखेच्या ट्रेसाठी. लहान आहे, काढताना कडेने राख सांडते, आणि त्याचं झाकण स्वतंत्र देत नाहीत. आणखी एक गोष्ट, ही तक्रार नव्हे. हॉल उबदार, अगदी बनियनवर बसावं इतका, पण पॅसेजच्या टोकाची मुलीची खोली गारच. गरम हवा तिकडे ढकलायला पंखा लावला तर काही होईना. शेजारच्या म्हातारबाबांनी उलटं सांगितलं: पंखा पॅसेजमध्ये जमिनीलगत ठेव आणि गार हवा शेगडीकडे ढकल. गार हवा जड, ती सहज सरकते. तिची जागा घ्यायला वरून गरम हवा आपोआप मागे जाते. चाललं.

लाकूड हा या व्यवहारातला दुसरा फसवा भाग. इथे सरपण कॉर्डने मिळतं, एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, चार बाय चार बाय आठ फुटांचा नीट रचलेला ढीग. ट्रकमधून ओतलेल्या ढिगाला कॉर्ड म्हणणारे पुष्कळ. ‘सीझन्ड’ म्हणून विकलेलं लाकूड घेऊन मी एक ओंडका फोडला, आतल्या ताज्या बाजूला ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या, आकडा तीस टक्क्यांच्या जवळ. पाहिजे वीस टक्क्यांच्या आत. रेड ओकला तर दोन उन्हाळे लागतात. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं, मग उरलं तर तुम्हाला तापवतं. यंदा आम्ही ॲशच्या लाकडावर निभावलं. एमराल्ड ॲश बोरर या किड्याने इथली ॲशची झाडं उभ्या उभ्या मारली आहेत, आणि ते लाकूड मुळात ओल कमी धरतं. मात्र कुठून आणता याकडे लक्ष द्या. वूस्टर आणि आसपासच्या पट्ट्यात २००८ मध्ये आशियाई लांबशिंगी भुंगा सापडला, हजारो झाडं तोडावी लागली, आणि त्या पट्ट्यातलं कठीण सरपण बाहेर न्यायला बंदी घातली गेली. आमचं गाव त्या पट्ट्याच्या बाहेर, लाकूडवाला आतला निघाला. त्याला परत पाठवला.

खर्च: शेगडी चार हजार डॉलरच्या आत, लाइनर आणि बसवणूक ब्लँकेटसकट त्याच्या जवळपास. म्हणजे शेगडीएवढेच पैसे धुराड्याला. जाहिरातीत फक्त पहिला आकडा असतो. घरात कुणाला दमा असेल, शेजारची खिडकी दहा फुटांवर असेल, किंवा रोज लाकूड आणणं, फोडणं, रचणं नको असेल, तर घेऊ नका; हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) बसवा आणि वीज जाईल त्या दिवसांसाठी जनरेटर ठेवा. चांगल्यातली चांगली शेगडीही पेटवताना आणि लाकूड भरताना धूर सोडतेच. आमच्याकडे मुलीची ॲलर्जी म्हणून एअर प्युरिफायर चालू असतो, शेगडीचं दार उघडताना आधी हवा पूर्ण सोडून मिनिटभर थांबतो, मग हळू उघडतो.

दुकानात पुन्हा जावं लागलंच तर मालकीणबाईंशीच बोलेन. तिथे राखेची झाकणाची बादली अव्वाच्या सव्वा भावाला ठेवली आहे. हार्डवेअरच्या दुकानात निम्म्यात मिळते. पण घ्या पत्र्याचीच, दुहेरी तळाची, आणि ठेवा घराबाहेर, लाकडी डेकवर नव्हे तर सिमेंटवर. राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. कागदी पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवलेल्या राखेने लागलेल्या आगी इथल्या अग्निशमन दलाला दर हिवाळ्यात विझवाव्या लागतात. पुढची सफाई सप्टेंबरात ठेवली आहे, त्याच कॅमेरावाल्याकडे. नोव्हेंबरात तो सापडत नाही.